अठरा गाण्यांची गुणपत्रिका

गुण देण्याचे काम मी गेली एकवीस वर्षे करते आहे. उत्तरपत्रिकांना, प्रकल्पांना, तोंडी परीक्षांना, युवा महोत्सवातल्या काव्यवाचनाला आणि वक्तृत्वाला. एकच काम फार काळ केले की त्या कामाविषयीची शंका मनातून निघून जाते, तशी माझीही गेली होती. ती परत आली त्याला एका हिंदी चित्रपटातली अठरा गाणी कारण झाली. मराठीच्या प्राध्यापिकेने हिंदी रॅप गाण्यांवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. मलाही वाटले होते.

जुलै २०२४. साताऱ्यात पाऊस लागून राहिला होता, अजिंक्यतारा सकाळपासून ढगात होता आणि एम.ए.च्या वर्गात मी कलगी-तुरा शिकवत होते. फळ्यावर दोन रकाने आखले होते. शक्तीचे श्रेष्ठत्व सांगणारे कलगीवाले एकीकडे, शिवाचे श्रेष्ठत्व सांगणारे तुरेवाले दुसरीकडे. एका फडाने कोडे घालायचे, दुसऱ्याने ते फोडून उलट कोडे घालायचे, आणि कोण सरस ठरला ते समोर बसलेल्या लोकांनी ठरवायचे. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘‘मॅडम, ही रॅप बॅटलच झाली की!’’ वर्ग हसला. अशा वेळी द्यायचे उत्तर माझ्याकडे तयार असते. मी म्हणाले, साम्य वरवरचे आहे. भेदिक शाहिराला पुराणांचा, अध्यात्माचा व्यासंग लागत असे. त्यावर तिने शांतपणे विचारले, ‘‘आणि रॅपरला काय लागतं, ते तुम्ही ऐकलंय का?’’

ऐकले नव्हते. ‘गली बॉय’ हा चित्रपट दूरचित्रवाणीवर तुकड्यातुकड्यांनी पाहिला होता, एवढेच. तिथल्या तिथे असे ठरले की, वर्गातल्या प्रत्येकाने त्या चित्रपटाचा संपूर्ण अल्बम ऐकायचा, अठरा गाण्यांची क्रमवारी लावायची आणि ती का लावली हे पुढच्या शुक्रवारी सांगायचे. क्रमवारी मीही लावायची.

ज्यांनी हा अल्बम ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. झोया अख्तर दिग्दर्शित ‘गली बॉय’ १४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रदर्शित झाला. धारावीतला एक तरुण रॅपर कसा होतो, अशी त्याची कथा. कुर्ल्याचा नेझी आणि अंधेरीचा डिव्हाइन या दोन खऱ्या रॅपरांच्या आयुष्यावरून ती सुचली. हिंदी चित्रपटाला एक संगीतकार आणि एक गीतकार, ही आपली जुनी सवय. इथे अंकुर तिवारी यांच्या देखरेखीखाली कितीतरी माणसे एकत्र आली. जावेद अख्तर यांच्यासारखा मुरलेला कवी, डिव्हाइन, नेझी, काम भारी, स्पिटफायर यांच्यासारखे रॅपर, रिशी रिच, कर्ष काळे, डब शर्मा यांच्यासारखे संगीतकार, आणि पडद्यावरच्या नायकाचे अनेक शब्द स्वतःच्या आवाजात म्हणणारा रणवीर सिंग. पुढच्या वर्षी फिल्मफेअरच्या समारंभात या चित्रपटाला तेरा पुरस्कार मिळाले; त्यांतला गीतलेखनाचा पुरस्कार ‘अपना टाइम आयेगा’साठी डिव्हाइन आणि अंकुर तिवारी यांना होता.

मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. अठरा गाण्यांचे शब्द मिळवले, त्यांच्या छापील प्रती काढल्या, लाल पेन घेतले आणि पाच निकष ठरवले: आशय, भाषा, प्रतिमा, लय, सामाजिक भान. प्रत्येकाला वीस गुण. दोन रात्री बसून गुणपत्रिका पुरी केली. गाणी मी ऐकली, नाही असे नाही. पण स्वयंपाक करताना, मोबाइलवर, एकेकदा. गुण दिले ते कागद समोर ठेवून.

पहिला क्रमांक आला ‘दूरी’ या कवितेचा. दुसरा ‘एक ही रास्ता’चा, तिसरा ‘ट्रेन साँग’चा. यादी पुरी झाल्यावर ध्यानात आले, की तिन्हींमागे लेखणी जावेद अख्तर यांची आहे. प्रथम समाधान वाटले; उत्तम कवी आपल्याला नाव न पाहताही ओळखू येतो, असे वाटले. थोड्या वेळाने ते समाधान ओसरले. ज्या प्रकारच्या कवितेवरून आपले निकष तयार झाले, त्याच प्रकारची कविता त्या निकषांवर पहिली आली, यात नवल कसले? पायलीने धान्य मोजावे आणि दुधाला नापास करावे, तसेच हे. पण शुक्रवार तोंडावर आला होता. मी यादी तशीच नेली.

वर्गात अकरा याद्या आल्या. ‘अपना टाइम आयेगा’ सहा जणांकडे पहिले होते. ज्यांना चित्रपट आवडला होता त्यांनी गोष्ट डोळ्यांपुढे ठेवून गुण दिले होते. ज्यांना रॅप आवडत होते त्यांनी म्हणण्याचा वेग आणि श्वास मोजला होता. एका मुलाने ‘आझादी’ला शेवटच्या स्थानावर ढकलले होते. त्याचे कारण ऐकण्यासारखे होते. २०१६ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कन्हैया कुमारने दिलेल्या घोषणांवर डब शर्माने एक गाणे बांधले होते. चित्रपटासाठी त्याच घोषणेभोवती डिव्हाइनचे नवे शब्द आले आणि जुना पत्ता पुसला गेला. ‘‘घोषणा ठेवली आणि भांडण काढून टाकलं,’’ असे तो म्हणाला. मी चकित झाले. पाठभेदाची चर्चा आम्ही गाथेच्या संदर्भात करतो. या मुलाने ती आपणहून तीन वर्षांच्या अंतरातल्या दोन गाण्यांवर केली होती.

मग मी माझी यादी वाचली. कोणी काही बोलले नाही. मुले अशा वेळी आदराने गप्प बसतात, आणि तो आदर फारसा सुखाचा नसतो.

वर्गात वयाने सर्वांत मोठा एक विद्यार्थी होता. कराडजवळच्या गावात त्याचा साउंड सिस्टीम भाड्याने देण्याचा व्यवसाय आहे. लग्नसराई आणि गणपतीत तो वर्गात दिसत नाही. त्याने यादी दिलीच नव्हती. कागदावर एकच नाव लिहिले होते: ‘जिंगोस्तान’, बीटबॉक्स. तास संपल्यावर तो मागे थांबला. मी म्हणाले, ‘‘अरे, अठरा लावायला सांगितली होती. आणि हेच पहिलं का?’’

तो म्हणाला, ‘‘साथ काढून घेतली तरी चालेल असं एवढं एकच आहे, मॅडम.’’

मला कळले नाही. अल्बममध्ये ‘जिंगोस्तान’ दोनदा येते. एकदा यंत्रावर बांधलेल्या ठेक्यावर, एकदा तोंडाने काढलेल्या ठेक्यावर. पण साथ काढून घेण्याचा प्रश्न आला कुठून?

‘‘तुम्ही मला ओळखलं नाही,’’ तो म्हणाला. ‘‘२०१७ ला सांगलीत काव्यवाचनाची स्पर्धा होती. तुम्ही परीक्षक होता. मी मोबाइलवर बीट लावून सुरू केलं. तुम्ही थांबवलंत. म्हणालात, नियमात साथ बसत नाही, बंद कर आणि नुसतं म्हण.’’

स्पर्धा मला आठवली. हा मुलगा आठवला नाही. एक उंच, सावळा मुलगा काहीतरी घाईघाईने म्हणून गेला आणि मी त्याच्या नावापुढे ‘गद्यप्राय, यमकांचा सोस, लयीचे भान नाही’ असे लिहिले, हे मात्र हळूहळू आठवले. तो शेवटून पहिला आला होता. आठवताना एका गोष्टीची लाज वाटली: नियम माझा नसला तरी शेरा माझा होता. त्याच्या रचनेची लय त्या बीटमध्ये होती. ती मी बंद करायला लावली आणि मग लय नाही म्हणून गुण कापले.

तो तक्रार करत नव्हता. ‘‘त्यानंतर लिहायचं सोडलं असं काही नाही हं,’’ असे त्याने हसत सांगितले. ‘‘स्पर्धेला जायचं तेवढं सोडलं.’’ आणि बस चुकेल म्हणून तो गेला.

त्या रात्री मला आमच्या गावाकडचे माळवद आठवले. माझे माहेर वाळवा तालुक्यात, रेठरे हरणाक्षपासून फार दूर नाही. रेठरे हरणाक्ष म्हणजे पठ्ठे बापूरावांचे गाव. श्रीधर कृष्ण कुलकर्णी हे त्यांचे मूळ नाव. १८६६ चा जन्म, १९४५ चा मृत्यू. कुलकर्ण्याच्या घरातला हा माणूस वृत्ती सोडून तमाशाच्या फडात गेला आणि लावणीचा सम्राट झाला. त्यांच्या हयातीत हे गाव सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून बापूराव साताऱ्याचे की सांगलीचे, हा आमच्या वर्गातला न मिटणारा वाद आहे. क्रमवारीचा सोस हिपहॉपवाल्यांनाच असतो असे नाही.

तर, गावच्या जत्रेत तमाशा यायचा. माळावर तंबू पडायचा, गॅसबत्त्या जाऊन ट्यूबलाइट आल्या होत्या. आमच्या घरातले सगळे पुरुष जायचे. मी दहा वर्षांची होते. मी हट्ट धरला तेव्हा आजी म्हणाली, ‘‘पोरीच्या जातीनं तिकडं बघायचंसुद्धा न्हाई.’’ बघायचे नाही म्हणाली, ऐकायचे नाही असे म्हणाली नव्हती. रात्री मी माळवदावर जाऊन पडायचे. वाऱ्याबरोबर ढोलकी यायची. शब्द येत नसत. माळ ते माळवद एवढ्या अंतरात शब्द गळून पडत आणि ढोलकी तेवढी पोचत असे. कडकड वाजत ती चढायची, एकदम थांबायची, आणि त्या थांबण्यात माळावर हशा उसळायचा. काय म्हटले गेले ते मला कळायचे नाही. पण म्हणणारीने नेमका कुठे श्वास घेतला ते कळायचे. लावणी म्हणजे काय हे मला पहिल्यांदा अशा रीतीने समजले: शब्दांवाचून.

पुढे मी मराठीत एम.ए. केले. लावणी अभ्यासक्रमाला होती. पुस्तकात शब्द होते, ढोलकी नव्हती. मी शब्दांवर प्रभुत्व मिळवले. शृंगाराच्या छटा, अलंकार, नायिकेचे प्रकार, शेवटच्या चरणातली नाममुद्रा. तीच लावणी एकवीस वर्षे शिकवली आणि तिच्या परीक्षा घेतल्या. माळवदावर जे ऐकले ते आणि वर्गात जे शिकवले ते एकाच वस्तूचे दोन अर्धे भाग आहेत, हे मनात कधी जुळून आले नाही. लहानपणी मला शब्दांवाचून ठेका मिळाला. मोठेपणी मी ठेक्यावाचून शब्द वाटत राहिले. सांगलीतल्या त्या मुलाला मी जे करायला लावले, ते मी रोज तासाला करतच होते.

पुढच्या आठवड्यात मी त्याला विनंती केली की, तुझा एक बॉक्स वर्गात आण. तो एक आणायचा म्हणून दोन घेऊन आला. छापील प्रती मी कोणाला दिल्या नाहीत, स्वतःही घेतल्या नाहीत. अठरा गाणी आम्ही दोन बैठकांत सलग ऐकली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वर्गातून आवाज कमी करण्याची सूचना आली. ती रास्तच होती.

त्या ऐकण्यातून लागलेली माझी क्रमवारी अशी.

पहिले ‘मेरे गली में’. हे गाणे चित्रपटाहून जुने. डिव्हाइन आणि नेझी यांनी ते २०१५ मध्येच केले होते. चित्रपटात त्यात रणवीर सिंगचा आवाज मिळाला. दोन आवाज आळीपाळीने बोलतात. एकाचे वाक्य संपते तिथे दुसरा ते उचलतो, पण खोडत नाही. सवाल-जवाब असून भांडण नाही. तमाशाच्या फडात मुख्य गायकाची ओळ उचलून धरणाऱ्यांना झीलकरी म्हणतात. इथे दोघे जण एकमेकांचे झीलकरी आहेत. कागदावर हे गाणे म्हणजे गल्लीची यादी वाटते. मी त्याला बारावा क्रमांक दिला होता. ऐकताना कळते की यादी हाच त्याचा अलंकार आहे. आपल्या वस्तीतल्या गोष्टींची नावे जोरात घेणे, एवढेच त्याला करायचे आहे.

दुसरे ‘काम भारी’. हे गाण्याचेही नाव आणि म्हणणाऱ्याचेही. कुणाल पंडागळे या मुंबईकर तरुणाने ते घेतले. ‘भारी’ हा आपला शब्द. सांगलीत, कोल्हापुरात, साताऱ्यात पोरे दिवसातून शंभरदा वापरतात आणि आम्ही निबंधात आला की त्याखाली लाल रेघ ओढतो. त्या शब्दाला त्याने नाममुद्रेचा मान दिला. अभंगकर्त्याने, शाहिराने, रॅपरने आपले नाव रचनेतच गोवायचे, याचे कारण एकच असावे: तोंडातून तोंडात जाणाऱ्या शब्दाला वाटेत मालक बदलण्याचे भय असते. आणि या गाण्यात शब्द ज्याचा, तोंडही त्याचेच.

तिसरे ‘इंडिया ९१’. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनी याची बांधणी केली. एमसी अल्ताफ, एमसी तोडफोड, आमच्या विदर्भातला अमरावतीचा सौरभ अभ्यंकर म्हणजे १०० आरबीएच, आणि आणखी काही जण त्यात एकामागून एक येतात, भाषा बदलत जातात. मृदंगाच्या बोलांची जी भाषा आहे ती या सगळ्या भाषांच्या खालून वाहते. तोडफोड हा धर्मेश परमार. ‘स्वदेसी’ या गटात तो गुजरातीतून रचना करायचा. मार्च २०२२ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी तो गेला. वर्गात त्याचा आवाज आला तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीने मान खाली घातली. गुणपत्रिकेत याला रकाना नाही.

चौथी ‘दूरी’. कागदावर पहिली आली होती. ऐकून ती फार खाली जाईल असे वाटले, तसे झाले नाही. नुसत्या वाचनाचे रूप आणि रिशी रिचच्या संगीतातले रूप, अशी ती दोनदा येते. दोन्ही लागोपाठ ऐकली की कविता गाणे होताना नेमके काय बदलते, याचा वस्तुपाठच मिळतो. यापुढे लय शिकवताना मी हीच दोन रूपे वर्गात लावणार आहे.

पाचवे ‘अपना टाइम आयेगा’. मुलांचा रोष पत्करून ते मी पाचवे ठेवले. शब्द डिव्हाइन आणि अंकुर तिवारींचे, तोंड नटाचे. यात गैर काही नाही. बापूरावांचे शब्दही पवळाबाईंच्या तोंडून लोकांपर्यंत गेले आणि त्या तोंडाने त्यांना मोठे केले. पण पवळाबाई त्या शब्दांत आपले काहीतरी मिसळत असणार. इथे नट रॅपरची हुबेहूब नक्कल करतो, आणि नक्कल जितकी चांगली तितकी मूळ आवाजाची आठवण जास्त येते.

सहावे ‘असली हिपहॉप’. ते मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या स्पिटफायरने लिहिले. साताऱ्याच्या मुलांना ही माहिती महत्त्वाची वाटली. या कलेसाठी मुंबईतच जन्मावे लागते असे नाही, हे त्यांनी लगेच टिपून घेतले. सातवे ‘जिंगोस्तान’चे बीटबॉक्स रूप, आठवे ‘शेर आया शेर’, नववी ‘आझादी’. ‘ट्रेन साँग’ तिसऱ्यावरून दहाव्या स्थानी आले, ‘एक ही रास्ता’ दुसऱ्यावरून अकराव्या. उरलेल्यांचा क्रम मी लावला आहे, पण त्यावर भांडण्याची माझी तयारी नाही.

दोन गाण्यांविषयी मात्र वेगळे लिहायला हवे, कारण त्यांना क्रमांक देताना माझा हात अडखळला. ‘कब से कब तक’मध्ये विभा सराफ गाते; ‘जहां तू चला’ जसलीन रॉयल गाते. दोघी गोड गातात. पण त्या गातात. शब्द फेकून मारण्याचे, छाती पुढे काढून नाव सांगण्याचे काम पुरुषांकडे आहे. माळावर पुरुष आणि माळवदावर मी, हीच वाटणी. याच गाण्यांपाशी मला जात्यावरच्या ओव्या आठवल्या. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. दोघी जात्याला बसायच्या, एकीने ओळ टाकायची, दुसरीने ती पुढे न्यायची; जात्याची घरघर हाच ठेका. सहकार्याने रचलेल्या गाण्यांचा याहून मोठा संग्रह मला माहीत नाही. त्यांची क्रमवारी कोणी लावल्याचे ऐकिवात नाही. बाईच्या ओवीला कोणी गुणच दिले नाहीत, म्हणून कदाचित ती मोकळी राहिली. गुण न मिळणे म्हणजे दुर्लक्ष की सुटका, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आणखी एक गोष्ट वर्गातूनच निघाली. ‘गली बॉय’ची धारावी आणि माटुंग्याची लेबर कॅम्प वस्ती एकमेकींना लागून आहेत. लेबर कॅम्पात अण्णा भाऊ साठे राहिले होते. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा, १९२० साली जन्मलेला हा माणूस शाळेत नावापुरताच गेला, बापाबरोबर मुंबईला पोचला आणि १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्याने लाल बावटा कलापथक उभे केले. तिघे शाहीर, एक डफ, गिरणगावच्या चाळींतले श्रोते. हेही सहकार्यच होते. एक विद्यार्थी म्हणाला, ‘‘म्हणजे आपल्याकडून शब्द धारावीपर्यंत चालत गेले होते, ते आता बीट घेऊन परत आलेत.’’ मी त्याला सावध केले. अण्णा भाऊंचा डफ आणि डिव्हाइनचा बीट यांच्यात सरळ वंशावळ जोडता येणार नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये १९७३च्या सुमारास जन्मलेली ही कला दूरच्या वाटेने आली आहे. आपल्याकडे हे आधीच होते, असे म्हणणे हाही गुण कापण्याचाच एक सभ्य प्रकार असतो. पण तेच गटार, तीच दाटी, तेच आपले नाव मोठ्याने सांगण्याची निकड, हे शेजार खरे आहे. शेजार आणि वंश यांतला फरक सांभाळून एवढे म्हणता येईल.

माझी नवी यादी मी वर्गात वाचली, तेव्हा मुले गप्प बसली नाहीत. तासभर भांडली. मागच्या बाकावरच्या मुलीने ‘अपना टाइम’ची बाजू इतकी नेटाने लढवली की मला ते चौथे करावेसे वाटले, केले नाही. साउंड सिस्टीमवाला वायर गुंडाळत ऐकत होता. मी त्याला विचारले, ‘‘तुझी २०१७ ची ती रचना अजून आहे का?’’ तो म्हणाला, ‘‘आहे, पण आता तसली लिहीत नाही, मॅडम. जुनी वाटते.’’ बीट लावून म्हणशील का, असे विचारल्यावर त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘‘नवीन म्हणतो की.’’

नवीन त्याने म्हटली. तिला मी गुण दिले नाहीत. दोनदा ऐकली. तिसऱ्यांदा ऐकताना तो श्वास कुठे घेतो ते कळू लागले.

त्या वर्षीच्या काव्यवाचन स्पर्धेची नियमावली माझ्याकडे आली तेव्हा तिसरा नियम जसाच्या तसा होता: वाद्यसाथीस परवानगी नाही. मी तो वगळण्याची लेखी सूचना केली. बैठकीत त्यावर चर्चा झाली. साथ आली की आवाजाचा त्रास होतो, वेळ पाळता येत नाही, सगळ्यांना समान संधी राहत नाही, अशी कारणे पुढे आली आणि त्यांतले एकही खोटे नव्हते. पुढच्या वर्षी पाहू, असे ठरले. परीक्षक म्हणून माझे नाव यादीत होते. त्यापुढे मी सही केली, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: नियम क्रमांक तीन असेपर्यंत ‘लय’ या निकषाला मी गुण देणार नाही.